दादाच्या गालाचा तुकडा

धामणगाव बढे,
ता. ६ ऑगस्ट १९६४

चि. मोतीराम यास उकंडकाकाचे आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल, तुझ्या बापाचा उजवा गाल सोडून.

दोन महिने झाले, गालात आतून चट्टा आहे. भाजी तिखट लागली की दादा कळवळतो, तंबाखूची चिमूट ठेवली की गप्प होतो. मोताळ्याच्या डॉक्टरांनी काल चट्ट्याचा तुकडा कापून औषधाच्या पाण्यात बुडवून दिला. बाटली आज सकाळी वहिनींनी बांधून दिली, ती एस.टी.नं मलकापूरला आणि तिथून रेल्वेनं नागपूरला तुझ्या मेडिकल कॉलेजात येईल. दादा म्हणतो, ‘पोराले बापाचं तोंड पाहाचं होतं, तं गावी याचं होतं.’

तू लिहितोस, अख्खा माणूस चारच प्रकारच्या ऊतींनी विणलेला असतो. माझ्या दुकानात तंबाखूचे सहा वाण आहेत. देवानं चारात उरकलं म्हणायचं. असो. कर्करोग असेल तर मला सरळ लिही, दादाला गोल लिही. लोभ चट्ट्यासारखा वाढो, इतकंच मागतो.

तुझा उकंडकाका


नागपूर,
ता. १७ ऑगस्ट १९६४

तीर्थरूप काकांचे सेवेसी मोतीरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुकडा मिळाला. मेणात बसवला, कागदाहून पातळ कापला, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. माणसाच्या गालाला आतून चपट्या पेशींचे थर असतात, फरशीवर फरशी रचावी तसे. कर्करोग असला की याच पेशी पाया फोडून खाली घुसतात. तेच शोधायला बसलो होतो. आपल्या तुकड्यात मात्र केसांच्या मुळांची दाटी आणि मधे कूर्चा, म्हणजे मऊ हाड. सरांनी विचारलं, तुझे वडील तोंडानं ऐकतात का?

काका, हा कान आहे, आणि तो माणसाचा नाही. सगळं खातं हसलं. मीही हसलो. मग खोलीवर जाऊन दार लावून बसलो, कारण दहा दिवस वाया गेले होते.

दुसरा तुकडा ताबडतोब पाठवा. बाबांची तंबाखू बंद करा. ती कुणाच्या दुकानातून फुकट येते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कृपा आहेच, राग मानू नये.

आपला मोतीराम


धामणगाव बढे,
ता. २४ ऑगस्ट १९६४

चि. मोतीराम यास आशीर्वाद. तुझं पत्र दुकानात बसून दोनदा वाचलं.

चोर सापडला. माझे कान तुला ठाऊकच आहेत, बाजारात पान पडलं तरी ऐकू येतं. शेजारचा खाटीक गिऱ्हाइकाला सांगत होता, ‘माळकऱ्याची बायको बकऱ्याचा कान घेऊन गेली, औषधाले म्हणे.’ गावात माळकरी म्हणजे आपला दादाच. वहिनींना विचारलं तर त्या ढसाढसा रडल्या. अंगाचा तुकडा शिवेबाहेर गेला की कुणीही करणी करतं, म्हणून तो त्यांनी बाळाची नाळ पुरावी तसा गोठ्यामागं पुरला आणि बाटलीत त्या कानाचा तुकडा घातला. नवऱ्याला वाचवायला त्या माउलीनं बकरा कामी लावला आणि आपण त्यांना अडाणी म्हणतो. मी तर दादाला वीस वर्षं पुड्या पुरवल्या, आणि गाव मला हुशार म्हणतं.

काल दादाला पुन्हा मोताळ्याला नेलं. तो तोंड उघडेना. म्हणाला, ‘आधी तू उघड बे उकंड्या.’ गंमत म्हणून मी उघडलं. माझ्या बोलण्यावर डॉक्टर तोवर हसत होते. बॅटरीचा उजेड आत पडला, आणि ते हसायचे थांबले.

तेव्हा दोन बाटल्या निघाल्या आहेत. मलकापूर टेसनापर्यंत मांडीवर ठेवून मी स्वतः नेल्या, वहिनींना शिवू दिल्या नाहीत. एकीवर दादाचं नाव आहे, दुसरीवर माझं. दोन्ही तुकडे माणसांचेच आहेत, सरांना खुशाल सांग. दुकान कालपासून बंद आहे. गावात सांगितलंय, माल संपला.

लोभ असावा तो असा, की आधी दादाची बाटली उघडावी. माझी घाई नाही.

तुझा उकंडकाका