विहिरीवरचा पत्रा

४ मार्च

मामाकडे आलो. शिंकलो तर रुमाल विटकरी! मामी म्हणाली, "अरे भिंगरी, चार दिवस टिकलास तर घामही तसाच येईल." दोरीवरचे कपडे, कुत्रं, उशी — सगळ्याला लोखंडाच्या खाणीचा रंग. शी.

मामाने शेत खाणीला देऊन ट्रक घेतला होता. मग खाणीने स्वतःचे ट्रक आणले. आता मामाच्या ट्रकात कोंबड्या बसतात. म्हटलं, शेतात निदान काही उगवत तरी होतं. "हाही अंडी देतोय की," मामा म्हणाला. हसला नाही.

६ मार्च

विहिरीवर मामीने पत्रा टाकलाय. उचलून पाहिलं. पाण्यावर तवंग, वास गंजक्या खिळ्यांचा. मामी दुखऱ्या कंबरेला पट्टा आवळून टेकडीपलीकडून हंडे आणते. पाणी वाईट निघालं तर खाणीने दारात नळ द्यायचा असं ठरलंय. पण आधी तपासणी.

७ मार्च

तपासणीचं काम मलाच मिळालं! गावातल्या तीन विहिरींवर जाऊन बाटल्या भरायच्या. खाणीच्या साहेबाने एवढंच विचारलं, "वाचता येतं ना?" मामी म्हणाली, "आपली बाटली काठोकाठ भर हं."

९ मार्च

बाटल्या घेऊन निघालो तर वाटेत सुरुंग लावत होते. बघत बसलो. अर्धी टेकडी गुडघे मोडल्यासारखी खाली आली. पाखरं नुसती वर फिरत राहिली, बसायला झाडच नाही. किळस येते, आणि नजरही हलत नाही.

मग साहेबाची हाक — गाडी सुटतेय, बाटल्या आण! तिन्ही रिकाम्याच. त्यात मामीची. कॅन्टीनच्या फिल्टरच्या नळावर भरून दिल्या. साहेबाने पाहिलं. पाठ थोपटली. अंघोळ केली तरी ती थाप जात नाहीये.

उद्या सांगतो खरं.

१० मार्च

नाही सांगितलं.

२१ मार्च

खाणीचा माणूस दारोदार सांगून गेला — पाणी चांगलं निघालं, नळाची गरज नाही. वास येतो म्हटलं तर म्हणे, "थोडं लोखंड अंगी लागलेलं बरंच." शेजारीण म्हणाली, थापा आहेत सगळ्या. मामी तिच्यावरच उखडली, "थापा कशा? आमच्या भिंगरीने स्वतःच्या हाताने भरलंय."



२२ मार्च

मामीने पट्टा सोडून खुंटीला टांगला. पत्रा बाजूला केला. पहिला तांब्या मला. "गोड आहे ना रे?"

घोट घेतला. आहे म्हणालो. मग तिने स्वतःसाठी भरला.