हौदापाशी थांबण्याच्या जुन्या हुकमाबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
जुने रस्ते व वास्तू जतन विभाग,
नगरपालिका.

विषय : मोठ्या रस्त्यावर बालवाडीसमोर पांढरे पट्टे मारून मिळण्याबाबत, ते जमत नसल्यास माझ्या मुलीस घोडा समजण्याबाबत.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र.

महोदय,

पट्ट्यांमुळे रस्त्याचे मूळ स्वरूप बिघडेल, असे आपण कळवले आहे. खिडकीवरच्या कारकुनांनी ते सोपे करून सांगितले, "ताई, गोऱ्या साहेबाची बग्गी जायची तेव्हा होते का पट्टे? मुलीला कडेवर घ्या की." कडेवर धाकटा होता, हे त्यांना दिसत होते.

तेव्हा मूळ स्वरूप जाणून घेण्यासाठी आपल्याच विभागाने कोपऱ्यावर लावलेला इतिहासाचा फलक मी वाचला. रस्ता ओलांडता येत नसल्याने वेळ भरपूर मिळतो. हा रस्ता निर्मनुष्य माळावर आखला, असे त्यात सुरुवातीला आहे. त्यासाठी परटांची वस्ती हलवली, असे शेवटी आहे. मुळात इथे नदीकडे जाणारी वाट होती. तिच्या वळणांनी मडमेला बग्गीत मळमळायचे, म्हणून ती सरळ केली. मडमेच्या पोटासाठी अख्खी वस्ती हलली. माझ्या मुलीसाठी रंगाचा एक डबा हलत नाही.

गेल्या आठवड्यात मुलीचा उजवा बूट एका मोटारीच्या चाकाखाली गेला. पाय मी वेळेवर ओढला. तेव्हापासून रस्ता दिसला की ती पाय पोटाशी घेऊन खाली बसते. सासूबाई म्हणतात, "तुझ्या त्या साहेबाला म्हणावं, ये नि हिला चालवून दाखव."

आता घोड्याविषयी. रस्त्याच्या आमच्या कडेला घोड्यांचा दगडी हौद आहे. त्यावर कोरले आहे की, जनावराचे पाणी पिऊन होईपर्यंत सर्व गाड्यांनी थांबावे. हा हुकूम रद्द झालेला दिसत नाही. उलट त्याची अक्षरे आपला विभाग दरवर्षी रंगवतो. म्हणजे रंग आहे.

सबब, सोमवारपासून आम्ही आया रोज सकाळी मुलांना हौदापाशी नेऊन त्यांच्या बाटल्यांतले पाणी पाजणार आहोत. पिणे संपले की हुकूमही संपतो, म्हणून शेवटचा घोट मुले रस्त्यापलीकडे जाऊनच घेतील. आपली मोटारही त्याच सुमारास तिथून जाते. मूळ स्वरूपाचा मान राखून आपण सर्वांत आधी थांबाल, अशी खात्री आहे.

आपली नम्र,
रस्त्याच्या अलीकडे खोळंबलेली,
एका मुलीची आई

दिनांक : शुक्रवार

सोबत : उजवा बूट. (पाहून झाल्यावर परत करावा. डावा अजून चांगला आहे.)