हिरवी कुंची

१९ जानेवारी, रविवार

आलो एकदाचे! चिखलोलीच्या त्या वन आरकेला रामराम. तिथे पाळणा टांगायला हूक नव्हता, आणि अक्षदा रडली की खालच्या मजल्यावरचा माणूस छताला काठी ठोकायचा. इथे बदलापूर गावात दिपेशचं घर ऐसपैस आहे. मधल्या खोलीत सागवानी पाळणा, मागे पडवी, पडवीपलीकडे शेवगा. सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि अक्षदाला माझ्याकडून घेतलं. सात महिन्यांनी माझे दोन्ही हात एकदम मोकळे झाले, तर त्यांचं करायचं काय तेच सुचेना. म्हणून ही वही.

दिपेशची थोरली बहीण कुमुदिनीताई इथेच असते. नवऱ्याशी पटलं नाही, असं लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. ताई बोलतात कमी, पण माणूस मायेचं. बारशाला आत्या म्हणून अक्षदाच्या कानात नाव त्यांनीच सांगितलं. बाळ दगडासारखं खणखणीत व्हावं म्हणून वरवंट्याला बाळासारखं नटवून पाळण्यात ठेवतात ना, तर माझ्या माहेरी वांगणीला सगळा मिक्सरचा कारभार, वरवंटा कुठला? ताई इथून पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या. कुंची घातलेला, अगदी तयार.

उल्हासनगरला कापडाच्या दुकानात चार वर्षं काउंटर सांभाळलाय मी. गिऱ्हाईक खरं बोलतंय की नुसता भाव पाडतंय, चेहऱ्यावरून ओळखायचे. शेठ म्हणायचा, रिद्धी को कोई टोपी नहीं पहना सकता. तर माझं मत इथे लिहून ठेवते, माणसं चांगली आहेत.

२३ जानेवारी, गुरुवार

झोपेचं पार खोबरं झालंय. अक्षदाच्या हिरड्या सुजल्यात, लाळेने झबली भिजतात, स्वतःची मूठ चावते आणि पाठ ताठ करून अशी किंचाळते की शेजारचा कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसतो. डॉक्टर म्हणाले दात येतायत, त्यात ग्रोथ स्पर्ट, म्हणजे सारखी भूक लागणार, सारखी उठणार. हे सांगायला पाचशे रुपये घेतले. हे तर सासूबाईंनी फुकट सांगितलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, तू नीज गो, पोरीला मी बघतंय, भूक लागली का आणून देईन कुशीत. आणि खरंच देतात. मी डोळेसुद्धा उघडत नाही. कूस वळवायची, पाजायचं, पुन्हा झोपायचं. दुपारी तर मेल्यासारखी पडते. माझ्या आईनेसुद्धा एवढं केलं नसतं.

जाग्या वेळात डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीची अक्षदाला कुंची शिवली. जरीचा काठ कपाळावर येतो. काय गोड दिसते माझी बया!

२९ जानेवारी, बुधवार

आज दुपारी जरा भडकलेच. अक्षदा माझ्या मांडीवर आणि ताई मधल्या खोलीत पाळण्याला झोके देतायत. रिकामा पाळणा हलवू नये, बाळाला बाधतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी तसं म्हटलं. ताईंचे झोके चालूच. सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, रिकामा कुठं हाय?

उठून बघितलं तर आत वरवंटा. बारशाचाच, पिवळी पडलेली जुनी कुंची घातलेला. मला हसूच आलं. चला, पाळणा रिकामा राहत नाही आणि ताईंच्या हाताला चाळा मिळतो, डोकं चालवलंय म्हणायचं. फक्त दोर फार ताणलेले वाटले. दिपेशला सांगितलंय, अंबरनाथला कंपनीतून येताना नवा दोर आण म्हणून.

३ फेब्रुवारी, सोमवार

सगळे झोपल्यावर लिहितेय.

सकाळी अंगणवाडीत अक्षदाचं वजन केलं. कमी झालंय! दिवसरात्र पाजतेय मी, अंगातलं सगळं ओढून नेल्यासारखं वाटतं, आणि पोरीचं वजन घटतं? तिथल्या मीनलताई वजन लिहिताना मध्येच थांबल्या. म्हणाल्या, याच घरात पुन्हा अक्षदाच नाव कसं ठेवलं तुम्ही? मी म्हटलं, पुन्हा म्हणजे? त्या पुन्हा वजन लिहायला लागल्या. मी सोडलं नाही, तेव्हा सांगितलं. कुमुदिनीताईंना मुलगी होती. तीन वर्षांपूर्वी, दात येता येता तापाने गेली. तिचं नाव अक्षदा.

तोंडात मारल्यासारखं झालं. त्या मेलेल्या पोरीचं नाव माझ्या पोरीच्या कानात सांगितलं, आणि मी वर पेढे वाटले!

दिपेश आल्यावर विचारलं. आधी नाही नाही म्हणाला, मग खाली मान घालून म्हणाला की ताईला तेवढंच बरं वाटेल असं आईचं म्हणणं होतं, तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. नाहीच म्हणाले असते! दोन वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याने केसाने गळा कापला माझा. त्याला विचारलं, अजून काय काय लपवलंयस. तो पाणी प्यायला उठून गेला. नवा दोरही आणला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी झोपेतून उठले तर छाती ठणकत होती. आरशात बघितलं. चाव्याची खूण. खाली दोन, वर दोन, रक्त साकळलेलं.

अक्षदाच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. खालचा एक दात आतल्या आत टोचतो, बाहेर काही नाही. बोळकं आहे पोरीचं.

मग मला चावलं कोण?

सासूबाईंना दाखवलं. त्यांनी पदर नीट केला माझा. म्हणाल्या वाढीचं वय हाय, चावायचीच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज झोपले नाही. झोपल्याचं सोंग केलं.

जेवणानंतर सासूबाई आल्या. पडदा ओढला. नेहमीसारखं दुपट्यात गुंडाळलेलं कुशीत दिलं आणि गेल्या. प्यायला लागलं. जड. दुपट्यातूनही गार. पाट्यावर हात ठेवल्यासारखं गार. मी म्हटलं मनाचे खेळ आहेत, झोप नाही म्हणून होतंय असं.

तेवढ्यात मागच्या पडवीत अक्षदा रडली.

माझी अक्षदा. तिचं रडणं मी हजारात ओळखीन. ती पडवीत भुकेली रडत होती, आणि सासूबाई तिला उगी उगी करत होत्या. आणि माझ्या कुशीत —

मी डोळे उघडले नाहीत. देवाशप्पथ, हिंमतच झाली नाही. त्याचं पोट भरेपर्यंत तशीच पडून राहिले. मग कोणीतरी उचलून नेलं. थोड्या वेळाने मधल्या खोलीत पाळण्याचे दोर करकरायला लागले.

माझ्या पोरीच्या तोंडचं काढून पाजलं मी त्याला. इतके दिवस.

८ फेब्रुवारी, शनिवार

अक्षदाला पदराने पोटाशी बांधलंय. खाली ठेवत नाही. झोपत नाही.

धर्मेशला फोन केला. माझा सख्खा भाऊ, म्हटलं गाडी घेऊन आत्ता ये. त्याचं आधीच ठरलेलं उत्तर. दिपेशने त्याला कालच फोन केला होता म्हणे. बाळंतिणीचं असं होतं, झोप नाही, भलतंसलतं बोलते, तू येऊन तमाशा करू नकोस. धर्मेश मला समजावतो! गोळी घे आणि झोप म्हणतो!

झोपू? तेच तर हवंय यांना.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

घाईत लिहितेय. सासूबाई बाजारात, दिपेश कामावर. कुमुदिनीताई आत आल्या आणि माझे पाय धरले. रडल्या. म्हणाल्या चुकलं माझं रिद्धी, मी पण आई आहे, तू तुझं लेकरू घेऊन वांगणीला जा, मी आईला थोपवते. पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं या घरात. मीही रडले.

माळ्यावरून बॅग काढेपर्यंत त्यांनी अक्षदाला घेतलं, थोपटलं. पोर झोपलीसुद्धा. माझी हिरवी कुंची घालून, वर दुपटं बांधून हातात दिली. म्हणाल्या रस्त्याला धूळ आहे, तोंड उघडू नकोस, कशीबशी झोपलीय.

निघाले.

१० फेब्रुवारी. वांगणी

पोचलो. रिक्षात एकदाही उठली नाही. धर्मेशच्या दाराला कुलूप, कामावर असेल. ओट्यावर बसलेय. ऊन छान आहे. जीव भांड्यात पडला.

अजून झोपलीय माझी बया. किती दिवसांनी! हात भरून आला, पण उघडून बघत नाही. दात येणारं बाळ झोपलेलं असताना त्याला हात लावण्याइतकी मी वेडी नाही. जरीचा काठ कपाळावर आहे तेवढा दिसतोय. माझीच शिलाई.

ताईंचा फोन येतोय. पोचले का विचारायला असेल. बिचारी.

घेतला.

मागे रडण्याचा आवाज आहे. पाठ ताठ करून, मूठ तोंडात घालून रडते तसा. तो आवाज मी हजारात —

ताई हळू बोलतायत. म्हणतायत माझी अक्षदा झोपतच नाही गं, दात येतायत ना. तुझी झोपली का?

नाही नाही नाही

ओरडता येत नाहीये. फोन चालूच आहे. ती तिकडे रडतेय. मांडी गार पडलीय. हिरव्या कुंचीची गाठ आतून सुटतेय. पदर ओढतंय. चार नाही, आता तर सगळे दात —