उपाशी कोंबड्यांचा कौल

प्रिय पाकुला,

तोंडावर सांगवत नाही, म्हणून लिहितोय.

सम्राटाच्या हुकमाने टायबर नदीकाठच्या आमच्या देवळाला कुलूप लागलं, पण देवाच्या कोंबड्या कुणी नेल्या नाहीत. त्या अंगणातल्या उंच गवतात फिरतात आणि मी पायरीवर डुलक्या घेतो. झोपेत तुझा सिलो येतो. शिरस्त्राण काखेत धरून विचारतो, "मामा, निघू ना?"

फौज निघायच्या सकाळीही त्याने हेच विचारलं होतं. कोंबड्या दाण्यांवर तुटून पडल्या तर कौल चांगला. त्यांनी तोंड फिरवलं तर कुणी पाऊल उचलायचं नाही. तू माझा हात धरून म्हणालीस, "दादा, नीट बघून सांग हं." मी बघितलं. चोचीतून दाणे सांडेपर्यंत खात होत्या. "नीघ बाळा," मी म्हणालो. त्याच्या तुकडीतलं कुणीच परतलं नाही.

सेनापतीला चांगलाच कौल हवा होता, म्हणून कोंबड्यांना मी दोन दिवस उपाशी ठेवलं होतं. आम्ही पुजारी नेहमी तसंच करायचो.

आता त्या दिवसभर चरतात. आज मूठभर दाणे टाकले, तर एकीनेही चोच लावली नाही.

परवा नव्या देवाच्या प्रार्थनेला जाताना तू म्हणालीस, "तुझे देव माझ्याशी खोटं बोलले, दादा." मी कोंबड्यांना पाणी ठेवायला वळलो. हे पत्रही खुराड्यातल्या गवताखालीच राहील.

देवांना कुणी विचारलंच नव्हतं गं.

तुझा भाऊ,
नेपोस