साठ पावलं

तोंडवली,
१४ जुलै २०२५

चि. स्टेलास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाही म्हणून रागावतेस, पण बाय, माझ्या कानांना आता दर्याशिवाय काही ऐकू येत नाही. पत्रच बरं.

फाटकाजवळच्या फळ्यावर अजून रोज एक इंग्रजी म्हण लिहितो. पस्तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतल्या, आता पर्यटक फोटो काढतात. काल ‘टाइम फ्लाइज’ लिहिली. शेजारच्या रॉकीने अर्थ विचारला. वेळ उडून जातो म्हटलं, तर म्हणाला, मास्तरांनू, वेळ रवांदे, तुमचा कुंपण उडाला ता बघा. कुंपण वाऱ्याने गेलं, दर्याने नव्हे.

तुझा हट्ट की नारळी पुनवेच्या उधाणाआधी घर सोडून नांदगावला यावं. अगो, मी काय हवेत बोलतो? दर वर्षी तुझ्या वहिनीच्या, जेसिंताच्या, वर्षाच्या मिसेच्या दिवशी उंबऱ्यापासून भरतीच्या रेषेपर्यंत पावलं मोजतो. शाळेचं मैदानही पावलांनीच आखायचो, फरक पडत नसे. गेल्या वर्षी साठ, यंदाही साठ. जेसिंता गेली त्या घराला उगाच कुलूप कशाला लावू?

तिकडे सर्वांना आशीर्वाद. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा दादा,
फ्रान्सिस


नांदगाव,
२१ जुलै २०२५

ती. दादास,
स्टेलाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून, तिसऱ्यांदा सुनेचं, मर्लिनचं, भिंग घेऊन. प्रत्येक ओळ सुरू होते तुझ्या अक्षरात आणि संपते मुंगीच्या. जुनी पत्रं काढून शेजारी ठेवली. एवढ्या मजकुराला पूर्वी तुला दोन पानं लागायची. आता एकच, तेही अर्धं कोरं.

बत्तीस वर्षं नर्स म्हणून मी वॉर्डात पेशंट चालताना पाहिलेत. ज्यांचं अक्षर असं आवळतं, त्यांची पावलंही आवळतात, आणि त्यांना स्वतःला कळत नाही. ईस्टरला आलास तेव्हा फलाटावर पाय घासत होतास. मी ते गुडघेदुखीवर ढकललं. माझंच चुकलं, दादा.

आकडा साठ राहिला असेल, पण पाऊल तेच राहिलं का? रॉकीला त्याच उंबऱ्यापासून चालायला सांग आणि खरा आकडा कळव. मला भीती वाटते. पुनव नऊ ऑगस्टला आहे. ‘टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन’ मला छडी दाखवून पाठ करून घेतली होतीस, आठवतं?

खोली झाडून ठेवलीय, इथल्या डॉक्टरांशीही बोललेय. रागावलास तर इथे येऊन रागाव. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
स्टेला


तोंडवली,
३० जुलै २०२५

चि. स्टेलास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा राग आला. तीन दिवस तुझ्याशी मनातसुद्धा बोललो नाही. मग परवा विहिरीच्या पाण्याचा चहा खारट लागला, आणि आज भरतीला रॉकीला हाक मारली.

तो उंबऱ्यावरून निघाला, मी मागून. त्याची एकोणतीस झाली. माझी साठच भरली.

दर्या जेवढा पुढे आला, तेवढं माझं पाऊल लहान झालं, आणि उत्तर बरोबर येत राहिलं. गणित चुकलं असतं तर लक्षात तरी आलं असतं. आता कळेना की दर्याला भ्यावं की स्वतःला. खरं सांगतो, दोघांनाही भ्यालो.

मंगळवारी पाच तारखेला रॉकीच्या टेम्पोने येतो. जेसिंताचा फोटो घेतलाय. तिने लावलेली अबोली उपटवेना, ती राहिली. घराचं काय व्हायचं ते होईल. तुझ्या डॉक्टरांकडे गुमान येईन.

शेवटचं म्हणून फळ्यावर तुझीच म्हण लिहायला घेतली, मुद्दाम मोठ्या अक्षरात. ‘टाइम’ तळहाताएवढं आलं. ‘टाइड’ बोटभर. लिहून झाल्यावर मागे सरून पाहिलं, तर ‘मॅन’ मला दिसेना. लिहिलंय की राहिलं, ते रॉकीला विचारावं लागलं.

मर्लिनचं भिंग हाताशी ठेव. मंगळवारी दारात उभी राहा.

तुझा दादा,
फ्रान्सिस