सभेतलं बोलणं

बाबा, मी सध्या लेकीकडे आहे, नेदरलँड्समध्ये, झूटरमेरला. इथे नगरपालिकेची निवडणूक आहे. शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोने एकाच घराच्या दोन खिडक्यांत दोन वेगळ्या पक्षांची पोस्टरं लावली आहेत. मी लेकीला विचारलं, "यांची भांडणं होत नाहीत?" ती म्हणाली, "होतात की! मग कॉफी पितात." ती हसली. मला तुम्ही आणि काका आठवलात.

आपलं प्रजासत्ताक तेव्हा माझ्याहूनही लहान होतं. तुम्ही तालुक्यात पक्षाचे चिटणीस, आणि तुमचे सख्खे धाकटे भाऊ विरोधी गटात. तरी दोघं रोज एकाच पंगतीला बसत होतात. वाद चढला की आई आमटी वाढता वाढता म्हणायची, "राजकारण उंबऱ्याबाहेर हं." मग प्रचाराच्या शेवटच्या दिवशी बाजारपेठेतली ती सभा. काका माइकवर म्हणतात, "आमचे दादा कसले कार्यकर्ते? पुढाऱ्यांचे हुजरे!" लोक हसतात. मी तुमचं बोट धरून उभी आहे, आणि तुम्ही गर्दीतून वाट काढत निघता. घरी येऊन तुम्ही आईला एवढंच सांगितलंत, "उद्यापासून चूल वेगळी." काका ओसरीवर अवघडून उभे होते. "दादा, अहो, ते सभेतलं बोलणं होतं." तुम्ही मधलं दार लावून घेतलंत. चौथी पास झाले म्हणून काकांनी दिलेलं शाईचं पेनसुद्धा मला परत करायला लावलंत. त्यांनी ते घेऊन खिशाला लावलं.

काही वर्षांनी ते दोन्ही गट एक झाले. त्याच बाजारपेठेत पुढाऱ्यांनी एकमेकांच्या गळ्यात हार घातले. तुम्ही दोघंही गेला होतात, मांडवाच्या दोन टोकांना बसलात आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी आलात.

तुमच्या शेवटच्या आजारात एका दुपारी काका दवाखान्यात आले. पार वाकले होते. "भेटू का गं दादांना?" मी म्हणाले, "नको काका, त्यांना त्रास होईल." ते तासभर बाहेर बाकावर बसले आणि गेले. संध्याकाळी तुम्ही डोळे न उघडताच विचारलंत, "तो आला होता का?" इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून त्यांचा पहिला उल्लेख. खरं सांगितलं असतं, तर परत का पाठवलंस म्हणून मलाच विचारलं असतंत. मी घाबरले. "नाही," म्हणाले. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

बाबा, ते आले होते.