गादीची वेबसाइट उघडेपर्यंत

३ फेब्रुवारी
आपल्या गाद्यांच्या दुकानाची वेबसाइट आज सुरू. उघडताच फिल्म: गादीवर मी झोपलेलो, खिडकीतून ऊन, मागे व्हायोलिन, मी हळूहळू जागा होतो. दिग्दर्शन, अभिनय, झोप, सगळं माझंच. बायकोला दाखवायला घेतली. फिल्म सुरू व्हायच्या आत ती कपडे वाळत घालून परतसुद्धा आली. केवढी ही उत्सुकता! एरवी दोरीपाशी तासभर रेंगाळते.

७ फेब्रुवारी
ऑर्डर नाही. वेबसाइट बनवणाऱ्या बाई म्हणतात, फिल्म जड आहे, पान उघडायला फार वेळ लागतो, लोक कंटाळून निघून जातात. म्हटलं, घाईतल्या माणसाला मला गादी विकायचीच नाही. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. झोप कमी पडत असावी. गादी सुचवली. घेतली नाही.
तरी मी हटवादी नाही. वाट बघताना गिऱ्हाइकाचं मन रमावं म्हणून गोल फिरणारी उशी टाकायला लावली. आता साइट आणखी सावकाश उघडते, पण बघायला उशी आहे.

१२ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. पुष्कळ लोक आले, जवळजवळ सगळे पान उघडायच्या आत गेले. बाईंनी ‘गेले’वर बोट ठेवलं, मी ‘आले’वर. प्रत्येकाची दृष्टी.
समोरच्या गादीवाल्याची साइट पाहिली. फोटो, किंमत, फोन नंबर. पापणी लवायच्या आत हजर. कला शून्य. त्याच्या दारात टेम्पो भरत होते. बहुतेक परत आलेला माल.

१८ फेब्रुवारी
मोठा मासा! नवं लॉज काढणाऱ्या एक बाई. सगळ्या खोल्यांना गाद्या हव्यात. उद्या भागीदारांसमोर मोठ्या पडद्यावर आपली साइट बघणार. वेबवाल्या बाईंनी हात जोडले, उद्यापुरती तरी फिल्म काढा. उलट मी जांभईचा क्लोजअप वाढवला. मोठी ऑर्डर, मोठी जांभई.

१९ फेब्रुवारी
लॉजवर जातीने हजर. कोट घातला. पडद्यावर उशी फिरू लागली. फिरतच राहिली. एका भागीदाराने विचारलं, गादी विकता की उशी? मी उभा राहून पुढची कथा तोंडी सांगू लागलो: आता ऊन येतंय, आता मी कूस बदलतो. दुसऱ्या भागीदाराने जांभई दिली. परिणाम साधत होता!
तेवढ्यात लॉजवाल्या बाईंनी मोबाइलवर आमच्या समोरच्या गादीवाल्याची साइट उघडली, फोन करून घाऊक भाव विचारला आणि ऑर्डर देऊन मोकळ्या. मला म्हणाल्या, तुमची उशी मात्र गोड आहे हं.
आम्ही सगळे जिन्यात पोहोचलो तेव्हा आतून व्हायोलिन सुरू झालं.

२० फेब्रुवारी
बायकोने कोट पुन्हा ट्रंकेत ठेवून दिला. त्याचाच त्रास झाला.
फिल्म काढायची परवानगी दिली. चूक म्हणून नव्हे, मोठ्या मनाने. बाईंनी कारण विचारलंच नाही, फोन ठेवायच्या आत काढून टाकली.

२१ फेब्रुवारी
साइट टिचकीसरशी उघडते. दुपारी पहिलं गिऱ्हाईक! फोनवर एक आजी. डबलबेडची गादी हवी म्हणाल्या. बोलता बोलता कळलं, त्यांनी फिल्म शेवटपर्यंत पाहिली होती. जगात एकमेव! ऊर भरून आला. कशी वाटली, विचारलं. म्हणाल्या, जीव नुसता टांगणीला लागला होता हो. ते आजारी गृहस्थ आता बरे आहेत ना?
आवाज बदलून सांगितलं, सुधारणा आहे.